गाडीतलं इंजिन मूळचं की बदललेलं? जुन्या अँबॅसिडरच्या निमित्ताने शोधाच्या पायऱ्या

माझी अँबॅसिडर मार्क टू १९७१ सालची. गाडी घेताना विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "इंजिन कंपनीचं आहे, कधी उतरवलेलंसुद्धा नाही." नंतर पासिंगला गाडी नेली तेव्हा इन्स्पेक्टरसाहेबांनी टॉर्च मारून ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावरचा, नंबर वाचला, हातातल्या आरसीच्या स्मार्ट कार्डाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे इंजिन या गाडीचं नाही."

पुढचे सात महिने मी त्या एका वाक्याच्या मागे होतो. त्या काळात ज्याला विचारावं त्याने वेगळं सांगितलं. एक म्हणाला चोरीचं असेल, दुसरा म्हणाला टॅक्सीचं असेल, तिसऱ्याने तर "नंबर घासून नवा पंच मारून देतो, कोणाला कळणार नाही" असंही सुचवलं. यातलं काहीच खरं किंवा योग्य नव्हतं. इंजिनाचं मूळ शोधायला एक क्रम लागतो आणि तो क्रम मला कोणी आधी सांगितला असता तर निम्मा वेळ वाचला असता. म्हणून हा लेख. उदाहरण अँबॅसिडरचं घेतलं आहे, कारण ती मी स्वतः आतून-बाहेरून पाहिली आहे. जिथे फियाट किंवा एखाद्या इंग्लिश गाडीला तीच पद्धत लागू पडते तिथे तसं सांगितलं आहे.

आधी हे जमवा

अवजारं:
- चांगली टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा
- रॉकेल किंवा डिझेल, जुना टूथब्रश, पितळी तारांचा ब्रश
- पांढरा खडू, मऊ पेन्सिल, पातळ कागद, पारदर्शक चिकटपट्टी
- ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येईल असा व्हर्नियर, म्हणजे जबड्यांची मोजपट्टी
- मोबाइलला जोडायचा एन्डोस्कोप कॅमेरा, मिळाला तर

कागद:
- आरसीची आत्ताची प्रत, आणि जुनं पुस्तकी आरसी बुक कुठेही असेल तर ते
- आधीच्या मालकांची विमा पॉलिसी, कराच्या पावत्या, गॅरेजची बिलं
- विक्रीचे जुने फॉर्म, एनओसी, हायपोथिकेशन (गाडीवर कर्ज) असेल तर बँकेची पत्रं

या दुसऱ्या यादीकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केलं होतं. तुम्ही करू नका.

१. ग्राइंडरला हात लावू नका

ब्लॉकवर पन्नास वर्षांचं तेल, धूळ आणि दोन-तीन थर रंगाचे असतात. गॅरेजमधला पोरगा उत्साहाने ग्राइंडरला वायर-व्हील लावून "साफ करून देतो" म्हणतो. त्याला थांबवा. पंच केलेल्या अक्षरांची खोली फारच कमी असते. ती जागा एकदा घासली गेली की तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी पाहणाऱ्याला ती नंबर पुसल्याचीच खूण दिसते. इंजिन वा चेसिसचा नंबर खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, आणि खोडलेला नंबर पुन्हा वाचायची वेळ आलीच तर ते काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचं आहे, आपलं नाही.

साफसफाईच्या आधी इंजिन आहे तसं चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. रंगाचा थरसुद्धा पुरावा असतो.

२. आधी इंजिनाचं घराणं ओळखा

नंबर नंतर. आधी हे इंजिन कुठल्या घराण्यातलं आहे ते डोळ्यांनी ठरवा, कारण अँबॅसिडरमध्ये कारखान्यातूनच वेगवेगळी इंजिनं येत गेली आणि प्रत्येकाची चेहरेपट्टी वेगळी आहे.

हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्यात ही गाडी बनवायला घेतली ती इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून. सुरुवातीच्या गाड्यांत, आणि त्याआधीच्या लँडमास्टरमध्येही, जुनं साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह ब्लॉकच्या अंगाला असलेलं) १४७६ सीसी इंजिन होतं. ते ओळखायला सेकंदसुद्धा लागत नाही. वरचं हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, सपाट असतं, त्यावर व्हॉल्व्हची यंत्रणा झाकणारं टॅपेट कव्हर नसतं, आणि स्पार्क प्लग थेट वरून खोवलेले दिसतात.

त्यानंतर आलं ते १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेलं) इंजिन, बीएमसीचं बी-सिरीज. ऑस्टिन आणि मॉरिस या दोन कंपन्या १९५२ साली एकत्र येऊन बीएमसी झाली, तिचं हे इंजिन. हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे, वर लांबट पत्र्याचं टॅपेट कव्हर. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर नेणारे नळ) डाव्या अंगाला, तर स्पार्क प्लग, डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमो उजव्या अंगाला. चार सिलिंडर असूनही हेडला इनलेटची तोंडं दोनच आणि एक्झॉस्टची तीन, म्हणजे एकूण पाच. हे पाच मोजलेत की घराणं पक्कं झालं.

इथे डावं-उजवं म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे पाहताना. बॉनेटसमोर उभं राहून पाहिलं की सगळं उलटं होतं, आणि फोनवरून फिटरशी बोलताना याच एका गोष्टीने अर्धे गोंधळ होतात.

बी-सिरीजचा डिझेल अवतारही १४८९ सीसीचाच. तो अँबॅसिडरमध्ये १९८०च्या सुमारास आला. त्याला इंजेक्शन पंप आणि इंजेक्टर असतात, स्पार्क प्लग नसतात. पेट्रोल म्हणून नोंदवलेल्या कित्येक जुन्या गाड्यांत पुढे हे डिझेल इंजिन बसवलं गेलं, कारण डिझेल स्वस्त होतं. अशी गाडी घेत असाल तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते पहिल्यांदा बघा.

शेवटचं घराणं इसुझूचं. नव्वदच्या दशकात १८०० आयएसझेड नावाने आलेलं १८१७ सीसी पेट्रोल आणि त्यामागून १९९५ सीसी डिझेल. पेट्रोलमध्ये कॅमशाफ्ट हेडमध्येच असतो आणि सोबत पाच गिअरचा फ्लोअर-शिफ्ट गिअरबॉक्स. हेच १८१७ त्याच कंपनीच्या कॉन्टेसा क्लासिक गाडीतही होतं. तुमची गाडी १९७० सालची असेल आणि गिअर स्टिअरिंगखाली नसून दोन सीटच्या मध्ये असेल, तर बॉनेट उघडण्याआधीच अर्धं उत्तर मिळालं.

फियाट ११०० किंवा पद्मिनीलाही हाच नियम चालतो. तिचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते दशकानुदशकं वापरलं, आणि गिअर स्टिअरिंगलाच. त्याच कंपनीच्या ११८ एनई गाडीत मात्र निसानचं ए-ट्वेल्व्ह, ११७१ सीसी इंजिन होतं. जुन्या फियाट ११०० डिलाइटमध्ये गिअरचा दांडा खाली जमिनीत दिसला तर इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही दुसऱ्या गाडीतून आल्याचा संशय धरायला हरकत नाही. पद्मिनीच्या अगदी शेवटच्या एस-वन मॉडेलला मात्र कंपनीनेच फ्लोअर-शिफ्ट दिला होता, म्हणून साल पाहूनच बोला.

३. नंबर शोधा आणि खरोखर वाचा

इंग्लंडमध्ये बनलेल्या बी-सिरीज इंजिनांवर नंबराची पट्टी ब्लॉकच्या उजव्या अंगाला, डायनॅमोच्या वर, रिव्हेट करून बसवलेली असायची. नंतरच्या काळात थेट ब्लॉकवरच पंच मारायला लागले. म्हणून शोधाची सुरुवात तिथूनच करा. पट्टी नसेल पण रिव्हेटची दोन भोकं दिसत असतील तर ती नोंदवा. पट्टी गेली आहे, म्हणजे बहुधा कोणीतरी हे इंजिन एकदा तरी खोललेलं असावं.

वाचायची पद्धत सांगतो. डिझेल लावून अर्धा तास सोडा, टूथब्रशने घासा, फडक्याने पुसा. मग खडू आडवा धरून त्या जागेवर हलक्या हाताने फिरवा आणि बोटाने वरचा थर पुसून टाका. खोलगट अक्षरांत पांढरं अडकून राहतं. टॉर्च समोरून मारू नका, ब्लॉकला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. माझ्या गाडीत तिसरा आकडा सगळ्यांनी '३' वाचला होता, इन्स्पेक्टरांनीही. टॉर्च बाजूने धरल्यावर तो '८' निघाला. डावीकडच्या दोन कडा रंगाने बुजल्या होत्या.

वाचून झालं की छाप घ्या. आरटीओत चेसिस नंबरची घेतात तशीच: पातळ कागद नंबरावर घट्ट धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची, मग चिकटपट्टी लावून कागद वहीत चिकटवायचा. तीन छापा घ्या. फोटोपेक्षा छाप जास्त प्रामाणिक असते, कारण तिच्यात अक्षरांमधलं अंतर आणि ओळीचा वाकडेपणा जसाच्या तसा येतो. कारखान्यातले पंच सहसा एका मापाचे आणि एका रांगेत असतात. एखादाच आकडा मोठा, खोल किंवा वेगळ्या वळणाचा असेल, किंवा आजूबाजूची जागा बाकीच्या ब्लॉकपेक्षा गुळगुळीत असेल, तर तिथेच थांबा आणि पायरी ८ आधी करा.

४. जे इंजिन नंबर नसतात ते

ब्लॉकवर आणि हेडवर ओतकामातच उमटलेले, उठावदार आकडे असतात. ते कास्टिंग नंबर. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकवर तेच आकडे सापडतील. त्यांच्यावरून घराणं कळतं, व्यक्ती कळत नाही. इंजिन नंबर खोलगट असतो, कास्टिंग नंबर उठावदार. हा एवढा फरक लक्षात ठेवलात तरी पुष्कळ झालं.

डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, स्टार्टर, कार्ब्युरेटर यांवरचे आकडे त्या-त्या भागाचे. इंग्लंडच्या लुकास डिस्ट्रिब्युटरवर आठवडा आणि साल पंच केलेलं असतं. ते वाचून "इंजिन अमुक सालचं" असा निष्कर्ष काढलेली माणसं मी पाहिली आहेत. पण हे भाग पाच-दहा वर्षांत बदलले जातात, इंजिनाच्या जन्माशी त्यांचा संबंध असेलच असं नाही.

हेडही तसंच. हेडला चीर गेली की दुसऱ्या गाडीचं हेड चढवणं नेहमीचं. कायद्याच्या आणि नोंदणीच्या दृष्टीने इंजिन म्हणजे ब्लॉक.

५. मोजमाप

नंबराने घोळ घातला की माप खरं बोलतं. पण कुठलं माप घ्यायचं हे आधी माहीत हवं. मी इथे चांगलाच फसलो होतो.

आधी आकडे. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव.

- मॉरिसचं साइड व्हॉल्व्ह १४७६: बोअर ७३.५, स्ट्रोक ८७
- बी-सिरीज १४८९, पेट्रोल आणि डिझेल: बोअर ७३.०२५, स्ट्रोक ८८.९
- बी-सिरीज १६२२: बोअर ७६.२, स्ट्रोक ८८.९
- बी-सिरीज १७९८, एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीचं: बोअर ८०.२६, स्ट्रोक ८८.९
- इसुझू १८१७ पेट्रोल: बोअर ८४, स्ट्रोक ८२
- इसुझू १९९५ डिझेल: बोअर ८४, स्ट्रोक ९०
- फियाट ११००, १०८९ सीसी: बोअर ६८, स्ट्रोक ७५
- निसान ए-ट्वेल्व्ह ११७१: बोअर ७३, स्ट्रोक ७०

सगळी मापं मिलिमीटरमध्ये. आता बी-सिरीजच्या तीन ओळी पुन्हा वाचा. तिन्हींचा स्ट्रोक एकच आहे. साडेतीन इंच. म्हणजे स्ट्रोक कितीही काळजीपूर्वक मोजला तरी इंजिन १४८९ आहे की १७९८ हे कळणार नाही. बोअरच मोजावा लागतो.

त्यातून मी स्ट्रोक मोजायला गेलो तो प्लगच्या भोकातून सायकलच्या स्पोकची तार घालून. फिटरने हसून विचारलं, "साहेब, प्लग तिरका बसतो ना हो?" बरोबर होतं त्याचं. बी-सिरीजचे प्लग हेडच्या अंगाला तिरके असतात, तार सिलिंडरच्या समांतर जातच नाही. येणारा आकडा निव्वळ फसवा असतो.

बोअर मोजायला हेड उतरवावं लागतं. नुसत्या ओळखीसाठी उतरवू नका. गॅस्केट बदलायचं असेल, व्हॉल्व्ह ग्राइंड करायचे असतील, तेव्हा फिटरला म्हणा, "हेड काढाल त्या दिवशी मला बोलवा." तोपर्यंत एन्डोस्कोप प्लगच्या भोकातून आत सोडून पिस्टनचं डोकं पाहता येतं. पुष्कळ पिस्टनवर ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा त्याचा) आकडा पंच केलेला असतो. कार्बन साचला असेल तर मात्र काहीच दिसत नाही.

हेड निघालं की सिलिंडरच्या वरच्या काठाकडे नीट बघा. काठापासून काही मिलिमीटर खाली नखाला लागणारी एक कड असते. पिस्टनची रिंग त्या कडेच्या वर पोचत नाही, म्हणून तिच्या वरची चिंचोळी पट्टी झिजलेली नसते. बोअर तिथे मोजा. व्हर्नियरचे आतले जबडे तिथे सहज बसतात. सिलिंडरच्या मध्यावर मोजलंत तर झीज मोजाल, माप नव्हे.

माझ्या इंजिनाचा बोअर त्या पट्टीत ७४.०४ भरला. यादीत असा आकडा नाही. क्षणभर मला वाटलं, हे कुठलंतरी तिसरंच इंजिन आहे. फिटरने कागदावर हिशेब मांडून दाखवला: ७३.०२५ मध्ये चाळीस थाऊ, म्हणजे इंचाचे चाळीस हजारांश, मिळवले की ७४.०४ येतात. इंजिन १४८९च होतं, फक्त चाळीस साइजला रीबोअर केलेलं, म्हणजे झिजलेला सिलिंडर कातून तेवढा मोठा केलेला. रीबोअर सहसा वीस, तीस, चाळीस, फार झालं तर साठ थाऊपर्यंत करतात. साठ थाऊला १४८९चा बोअर ७४.५५ होतो, तरीही तो १६२२च्या ७६.२ पर्यंत पोचत नाही. म्हणून मधला आकडा दिसला की घाबरू नका, आधी मूळ मापातून वजाबाकी करून बघा. ब्लॉकला नवे लायनर (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळ्या) ठोकले असतील तर बोअर पुन्हा मूळ मापावर येऊ शकतो, त्यामुळे लायनरची बारीक गोल रेघ दिसते का तेही पाहा.

तो 'चाळीस' माझ्या वहीत लिहून ठेवला. पुढे तोच उपयोगी पडला.

६. गाडीच्या अंगावरच्या खुणा

इंजिन ज्या मेंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातल्या तुळईवर, टेकतं तिथे पाहा. एकाच घराण्याचं इंजिन बदललं तर कापाकापी लागत नाही, माउंटिंग तेच चालतात. कापून वेल्ड केलेला मेंबर, हातोडीने आत ठोकलेली फायरवॉल, जोड दिलेला सायलेन्सर पाइप, लांबवलेला ॲक्सिलरेटरचा दुवा, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या घराण्याचं इंजिन या गाडीत कधीतरी बसलेलं आहे. आत्ता नसेलही, पण कधीतरी होतं.

७. कागदांचा शोध

इथपर्यंत लोखंडाने मला सांगितलं ते एवढंच: बी-सिरीज १४८९, चाळीस साइज, नंबर आरसीपेक्षा वेगळा. ते इंजिन या गाडीत आलं कसं, हे कागदच सांगणार होते.

विक्रेत्याकडे स्मार्ट कार्डाशिवाय काही नव्हतं. मी आरसीवरून मागे जात पहिल्या मालकांच्या घरी पोचलो. ते साताऱ्याचे डॉक्टर, आता हयात नाहीत. त्यांच्या मुलीने, वय सत्तरच्या पुढे, मला चहा दिला आणि आतून एक पत्र्याची पेटी आणली. "बाबा गाडीचा एक चिटोरा फेकायचे नाहीत," असं म्हणत त्यांनी एकेक कागद टेबलावर मांडला. त्यात निळ्या कापडी पुठ्ठ्याचं मूळ आरसी बुक होतं. शेवटून दुसऱ्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का, १९८४ सालची तारीख, आणि खाली हाताने लिहिलेला नवा इंजिन नंबर. तोच नंबर, तिसरा आकडा '८' धरून. बुकाच्या आत दुमडलेलं मुंबईच्या एका गॅरेजचं बिल: जुनं इंजिन ब्लॉक फुटल्यामुळे बदललं, त्याच बनावटीचं रीकंडिशन इंजिन, रीबोअर ०.०४०. व्हर्नियरने सांगितलेला चाळीस आणि बिलावरचा चाळीस समोरासमोर आले तेव्हा माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

मग चूक कुठे होती? पुस्तकी आरसीची माहिती संगणकावर चढवताना पहिल्या पानावरचा मूळ नंबर उतरवला गेला आणि मागच्या पानावरची नोंद राहून गेली. इंजिन बदलल्याची नोंद १९८४ मध्ये रीतसर झालेली होती.

म्हणून तुमच्यासाठी या पायरीतली कामं अशी:

पहिल्या मालकापर्यंत मागे जा. मालक नसतील तर मुलं, ड्रायव्हर, नेहमीचा फिटर यांना भेटा. कागद न मागता आधी गाडीबद्दल बोला, जुन्या गाडीची आठवण निघाली की पेट्या आपोआप उघडतात. आरसी बुकाचं प्रत्येक पान पाहा, कोरी वाटणारीसुद्धा. गाडी ज्या आरटीओत प्रथम नोंदवली तिथल्या नोंदणी रजिस्टरच्या उताऱ्यासाठी लेखी अर्ज करा. रजिस्टरचा नमुना फॉर्म २४ चा असतो, तेवढं सांगितलं की खिडकीवरच्या माणसाला कळतं. नोंदणी जिल्ह्याबाहेरची असेल तर अर्ज त्या मूळ कार्यालयात करावा लागतो. जुन्या विमा पॉलिसींवर इंजिन नंबर असतो. त्या सालवार लावल्या तर नंबर कुठल्या वर्षी बदलला ते दिसतं.

जुन्या पार्ट्सच्या बाजारात तोंडी चौकशीही करा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथले वयस्क दुकानदार ब्लॉकचा फोटो पाहून पटकन बोलतात. त्यांचं म्हणणं दिशा म्हणून घ्या. पुरावा म्हणून ते चालत नाही.

८. इंजिन चोरीच्या गाडीचं तर नाही?

हे काम टाळू नका, गाडी घरच्या माणसाकडून घेतली असली तरी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर टाकून गाडी चोरीच्या नोंदीत आहे का ते पाहता येतं आणि तसा दाखलाही काढता येतो. बदललेल्या इंजिनाचा नंबर आणि तुमचा चेसिस नंबर दोन्ही वेगवेगळे तपासा. नंबराची जागा घासलेली किंवा पंच संशयास्पद असतील तर स्वतःहून पोलीस ठाण्यात जाऊन लेखी कळवा आणि पोच घ्या. नंतर सापडण्यापेक्षा आधी सांगणं केव्हाही बरं.

इंजिन विकत घेताना विक्रेत्याकडून नंबरासह बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या कागदांची प्रत घ्या. बिलावर नुसतं "अँबॅसिडर इंजिन" लिहिलेलं असेल तर ते बिल उद्या तुमच्या कामाचं नाही.

९. नोंद करून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदललं की १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसीवर तशी नोंद करून घ्यायची असते. कुठल्या तरी आधीच्या मालकाने ते केलं नसेल तर ओझं आजच्या मालकावर येतं. आरसी, विमा, पीयूसी, इंजिनाचं बिल, चोरीचं नसल्याचा दाखला, छापांची एक प्रत आणि घडलेलं सरळ सांगणारं प्रतिज्ञापत्र, एवढी फाइल लावून गेलात तर काम अडण्याची शक्यता कमी. माझ्या बाबतीत जुन्या बुकाच्या पानाची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज केला आणि संगणकावरचा नंबर बदलला गेला.

नोंद होईपर्यंत विमा कंपनीलाही लेखी कळवा. पॉलिसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर वेगळे असले तर अपघाताच्या दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो.

गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली असतील तर आणखी एक गोष्ट. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. पण अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. त्याच बनावटीचं, त्याच घराण्याचं इंजिन आणि त्याची जुनी, रीतसर नोंद, ही बाजू मांडता येते. इसुझू किंवा डिझेल घातलेल्या १९७० च्या गाडीला ती मांडणं अवघड. अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. मी म्हणून थांबलो आहे, कारण मला ती रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत न्यायची असते.

परदेशातल्या वाचकांसाठी थोडं

इंग्लंडमध्ये एमजीए किंवा एमजीबी घेणारे काही मराठी वाचक ओळखीचे आहेत. तुमचं काम आमच्यापेक्षा सोपं आहे, कारण तिथे बी-सिरीजच्या नंबरातच घराणं लिहिलेलं असतं. सुरुवात १५ ने असेल तर १४८९ सीसी, १६ ने असेल तर १५८८ किंवा १६२२, १८ ने असेल तर एमजीबीचं १७९८. पुढचं जी म्हणजे एमजी. १८जीबी पासून, म्हणजे १९६४ च्या ऑक्टोबरपासून, क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) तीनऐवजी पाच मेन बेअरिंग, म्हणजे आधार, आली. नंबर ४८जी ने सुरू होत असेल तर ते कारखान्यातून रीकंडिशन होऊन आलेलं, गोल्ड सील नावाने विकलेलं बदली इंजिन. ती सोनेरी रंगात यायची, म्हणून टॅपेट कव्हरच्या कडेला, स्टार्टरच्या मागे सोनेरी कण सापडतात का पाहा. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात कुठलं इंजिन होतं, याचा दाखला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून विकत मिळतो. इंजिन बदललेलं निघालं तर डीव्हीएलएला (तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला) कळवून व्हीफाइव्हसी, म्हणजे तिथली आरसी, दुरुस्त करून घ्या.

तीन मेन बेअरिंगच्या जुन्या बी-सिरीजला मागच्या टोकाला रबरी सील नसतं, तेल परत ढकलणारे आटे असतात. त्यामुळे रात्रभर उभ्या गाडीखाली तेलाचे दोन-चार थेंब पडणं ठरलेलं. ते पाहून कोणी "इंजिन बदला" म्हणालं तर ऐकू नका.

सगळं झालं की एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. त्यावर ब्लॉकच्या नंबरची पेन्सिल छाप, मोजलेला बोअर, तारीख आणि कुठला कागद कुठल्या फाइलीत आहे ते लिहा, प्लास्टिकमध्ये घाला आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. माझ्या गाडीतल्या कार्डावर सगळ्यात वर डॉक्टरांच्या मुलीने स्वतःच्या अक्षरात १९८४ ची तारीख लिहून दिली आहे.